रुखवतातला डावा पाय

बापू, तुम्ही गेलात त्या दिवशी सगळ्यांत मोठ्यानं कोण रडलं असेल, ओळखा बघू. मी नाही. आई नाही. दादांना तर धाकट्या भावाचं तोंड बघवेना, ते गोठ्याच्या भिंतीला टेकून बसून राहिले. रडली ती शेजारची मंगल. तिचा हंबरडा ऐकून कवठे महांकाळहून आलेल्या पाहुण्यांनी विचारलं, "ही कोण? नात हाय काय?" तिच्या आईनं तिला कोपरानं ढोसलं, तरी ती थांबेना. तुमच्यावर तिचा जीव होता, ते मी नाकारत नाही. पण मी फटकळ आहे, तेव्हा आहे ते सांगते. निम्मं रडणं तुमच्यासाठी होतं आणि निम्मं कापडासाठी. तिचं लग्न तोंडावर आलेलं. रुखवतात मांडायचं कापड तुमच्या खाटेवर पडलेलं, लाकडी रिंगेत अडकवलेलं, निम्मं भरलेलं, निम्मं कोरं.

तुम्ही असता तर पोट धरून हसला असता. "बघ शालन, माझ्यापरीस माझ्या कोंबड्यांची काळजी जास्त लोकांना."

त्या कापडावर तुमचं नाव नाही. तुम्ही भरलेल्या कुठल्याच कापडावर नाही. आपलं भांडण एवढ्यावरच होतं, आणि ते मिटायच्या आत तुम्ही उठून गेलात. भांडण अर्धं टाकून उठणारा माणूस मला आवडत नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं.

तुमचे दिवस होईपर्यंत मी माहेरीच राहिले. दुपारी माणसं पांगली की सोप्यात तुमच्या रिकाम्या खाटेशेजारी जमिनीवर बसायची. आपल्याकडची दुपार तुम्हाला माहीत आहे. वारा माळावरनं येतो, लिंबाची सावली भिंतीवर हलते, गाव झोपलंय की जागं आहे ते कळत नाही. मी मंगलचं कापड मांडीवर घेऊन बघत राहायची. एस.टी. भरून कोंबड्या वऱ्हाडाला निघालेल्या. कंडक्टर कोंबडा, गळ्यात चामड्याची पिशवी, तुरा टोपीबाहेर आलेला. एक म्हातारी कोंबडी खिडकीतून डोकं काढून ओकतेय. टपावर रुखवताची ताटं, आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला बसवलेलं मांजर. बसची पुढची चाकं भरून झालेली, पण चाकांपुढं रस्ता नाही. नुसतं पांढरं मांजरपाटाचं कापड.

बघता बघता डोळा लागायचा आणि मी बसमध्ये असायची. कोंबडा विचारायचा, "कुठलं तिकीट?" मी म्हणायची, "जिथवर भरलंय तिथवर." तो पिशवीत पाय घालून चिल्लर खुळखुळवायचा आणि म्हणायचा, "मग उतरा, आलं." जाग आली की मांडीवर कापड, आणि तुमची खाट रिकामी.

वाचणाऱ्यांना तुमची ओळख नाही, म्हणून थोडं सांगते. तुम्ही माझे चुलते, माझ्या वडिलांचे, दादांचे, धाकटे भाऊ. पासष्टच्या लढाईत तुमचा डावा पाय गुडघ्याखाली गेला. बाकीचे जवान रजेवर येताना रम आणि ट्रान्झिस्टर आणायचे. तुम्ही पुण्याच्या मिलिटरी हॉस्पिटलातून लाकडाचा पाय आणि सुई घेऊन आलात. तिथल्या सिस्टरनं जखमी जवानांना भरतकाम शिकवलं होतं, हात आणि डोकं ठिकाणावर राहावं म्हणून. बाकीच्यांनी ते तिथंच सोडलं असेल. तुम्ही बरोबर आणलंत. लाकडी पायाच्या चामडी पट्ट्यात सुया टोचून ठेवायची तुमची सवय होती. पाहुणे दचकायचे. लहानपणी मला वाटायचं, सगळ्या शिपायांच्या पायात सुया असतात.

पारावरची माणसं तुम्हाला सोडत नव्हती. "काय लान्स नायक, आमच्या कारभारणीच्या चोळीवर एक रणगाडा काढून द्या की."

"देतो की गड्या. पर तोफंचं त्वांड तुझ्याकडं करून काढीन."

पार हसायचा, तुम्हीही हसायचा. म्हणून तुम्ही लाजत होता असं जे काही जण आता म्हणतात, ते मी मानत नाही. लाजणारा माणूस भर चौकात खाट टाकून दोऱ्याची लडी सोडवत बसत नाही.

आणि तुमचं भरतकाम इतरांसारखं नव्हतंच. त्या वेळी घरोघरी एकच काम चालायचं. बाजारातून छापील नमुना आणायचा, कार्बन ठेवून उमटवायचा, आणि दोन पोपट, मध्ये गुलाब, खाली 'सुस्वागतम्'. आईनंही एक केलं होतं. तुम्ही ते हातात धरून बराच वेळ बघितलंत.

"वैनी, ह्यो पोपट काय करतुया?"

"काय करतुया म्हंजी? बसलाय."

"आन् त्यो दुसरा?"

"त्योबी बसलाय."

"काय घडतंय का न्हाई मग? दोगं नुसतं बसल्यात. भांडत तरी असतील."

आईनं तुमच्या हातातून कापड ओढून घेतलं. दुसऱ्या दिवशी बघते तर एका पोपटाच्या चोचीत दुसऱ्याचं पीस होतं. तुम्ही चारच टाके घातले होते, पण त्या दिवसापासून ते पोपट नवरा-बायको झाले. आई रागावली आणि ते कापड तिनं देवळीजवळ लावलं, ते अजून तिथंच आहे.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. मी तेव्हा सांगलीत कॉलेजला होते. आपल्या घराण्यातली पहिली बी.ए. मी. हे मी कुठंही सांगते, इथंही सांगितलं. सुट्टीला आले तेव्हा सगळं गाव रस्त्याच्या कामावर खडी फोडत होतं. मुकादमानं ठरवलं होतं, एका पायाच्या माणसाला खडी जमायची नाही, पोरं राखायला जमेल. ताडपत्रीच्या सावलीत तुम्ही, भोवती सगळ्या बायकांची पोरं, काही झोळीत, काही तुमच्या लाकडी पायावर घोडा-घोडा खेळणारी. आभाळ इतकं कोरं होतं की तुम्ही म्हणायचा, "ह्याच्यावर भराय घेतलं तर जगातला दोरा पुरायचा न्हाई."

तिथं तुमच्या कापडाला पाय फुटले. रडणाऱ्या पोराला दाखवायला म्हणून तुम्ही कोपऱ्यात एक विहीर भरली.

"ही कुठं चाललीया?" एका पोरीनं विचारलं. विहिरीला तुम्ही पावलं काढली होती ना.

"पाणी बघाया."

"मग?"

"मग तिला वाटंत बाभळ भेटली."

"मग?"

पोरं 'मग' म्हणायची आणि तुम्ही पुढचं भरायचा. म्हणून ती गोष्ट कापडाच्या मधोमध नाही, कडेकडेनं फिरते. विहीर निघालीय, डोक्यावर घागर, लुगड्याचा ओचा धरावा तशी आपली दगडी कड सावरून. मागं तिचे बेडूक, बोचकी घेऊन. बाभळ तिला म्हणते, सावली देते, पाणी मागू नको. पुढं ती सांगलीला पोचते आणि कृष्णा नदीच्या दारात उभी राहते. कृष्णा पाटावर बसलेली, अंगभर दागिने, आणि चेहरा असा की 'थांबा हं, मालकांना विचारून सांगते.' ते तोंड तुम्ही तीन टाक्यांत काढलं होतंत. मी इतकी हसले की ठसका लागला, आणि प्यायला पाणी नव्हतं.

रात्री मला ती विहीर स्वप्नात दिसायची. सांगलीच्या रस्त्यानं, पुलावरनं, घागर हेलकावत. हॉस्टेलवर परतल्यावर एकदा झोपेत उठून मी मैत्रिणीला म्हटलं म्हणे, "दार उघड, आमची विहीर आलीय."

आणि पाय. तुमचा तो डावा पाय. बूट घातलेला, नाडी बांधलेला, नडगीपाशी संपणारा. प्रत्येक कापडात तो कुठंतरी असायचाच. कधी जत्रेत पाळण्यात बसलेला, कधी तमाशाच्या तंबूखालून आत शिरणारा, कधी न्हाव्यापुढं पॉलिश करून घेत बसलेला. मी विचारलं तेव्हा म्हणालात, "त्यो अजून नोकरीत हाय. रजा मंजूर झाली न्हाई. पेन्शन मी घेतो, ड्यूटी त्यो करतो."

खडीवर ज्या बायका होत्या, त्यांच्या पोरी लग्नाच्या झाल्या. एकेक बाई संध्याकाळी आडून यायची. "बापू, पोरीला टाका येत न्हाई, आन् सासरकडचं भरतकाम बघणार." तुम्ही म्हणायचा, "दोरा तेवढा आणा." असं करत करत आपल्या गावातल्या आणि शेजारच्या वाड्यांतल्या किती रुखवतांत तुमचा पाय फिरला, कोण जाणे. सगळीकडं ते काम नवरीच्या हातचं म्हणून मांडलं गेलं. नावं मी लिहीत नाही. त्या पोरी नांदतायत, सुखानं नांदू देत.

एका लग्नात तर कमाल झाली. नवऱ्याकडच्या एका म्हातारीनं कापडात तो एकटा पाय बघितला आणि हात जोडले. "बाई, देवाचं पाऊल काढलंय पोरीनं!" लगोलग हळदकुंकवाचा करंडा आला. बुटाच्या टोकावर हळद, टाचेवर कुंकू. पाठोपाठ चारचौघींनी नमस्कार केला. नवरी बिचारी हसू दाबून दाबून लाल झाली, आणि लोकांना वाटलं, लाजली. तुम्हाला कळलं तेव्हा तुम्ही खाटेवर आडवे झालात हसून. "शाले, उजव्याला कवा कुणी हळद लावली न्हाई गं! गेला त्योच देव झाला." मग उजव्या पायाचा पंजा पुढं करून त्याच्याकडं बघत राहिलात.

आता आपलं भांडण.

मला बघायला कृष्णाकाठचे पाहुणे आले होते. बागायती घर, ऊस, ट्रॅक्टर. आईनं पोह्यांच्या ताटाखाली तुमचं विहिरीचं कापड अंथरलं. मला आधी सांगितलं असतं तर मी अंथरू दिलं नसतं. मुलाच्या आत्यानं कापडाचं टोक बोटांत धरून विचारलं, "हे कुणी भरलंय?"

"शालननंच की," आई म्हणाली.

मुलाचे आजोबा वाकून बघायला लागले. "ही कोण पाटावर बसलीया, दागिनं घालून?"

"कृष्णा नदी," मी म्हटलं.

"आन् अशी त्वांड वाकडं करून का?"

"दुष्काळातल्या विहिरीनं पाणी मागितलंय म्हणून."

"आमची कृष्णामाई अशी न्हाई हां," आजोबा ताठ झाले. "आन् पाटाखाली बशीतनं च्या पितुया त्यो बूट कुणाचा?"

"ज्यांचा आहे ते बाहेर खाटेवर बसलेत. कापडही त्यांनीच भरलंय. मला साधी गुंडी लावता येत नाही."

पोह्यांतले चमचे थांबले. आईनं पदर तोंडाला लावला. मुलाचा कुणी भाऊबंद फिस्सकन हसला. "मिलिटरीचा माणूस सुई घिऊन बसतुया?"

"व्हय," मी म्हटलं. "बंदूक सरकारनं ठेवून घेतली, सुई दिली."

बाहेर तुमच्या लाकडी पायाचा ठक ठक आवाज झाला आणि रानाकडं जात जात बारीक झाला. पाहुणे चहा न घेता उठले. पुढं निरोप आला, मुलगी शिकलेली आहे पण बोलते फार.

तुम्ही सुई बाजूला ठेवलीत. पट्ट्यातल्या सुया गंजल्या. तुमचं म्हणणं, "माझ्या टाक्यापायी तुझं लगीन मोडलं. तू सांगाय नको हुतंस." माझं म्हणणं, लग्न माझ्या जिभेनं मोडलं, आणि निरोपात तसं स्पष्ट म्हटलंय, तेव्हा माझं श्रेय तुम्ही घेऊ नका. दादा म्हणायचे, दोघांचंही नव्हे, कृष्णामाईच्या तोंडानं मोडलं. या वादाचा निकाल लागला नाही. पण बापू, मी पुन्हा तशीच बोलले असते. माणूस बाहेर खाटेवर जिवंत बसलाय आणि आत त्याचं काम दुसऱ्याच्या नावावर पोह्यांबरोबर खपतंय, हे माझ्यानं बघवलं नसतं. घराण्यात पहिल्यांदा कुणाच्या तरी नावापुढं अक्षरं लागली ती माझ्या. नाव लागणं म्हणजे काय असतं, ते मला माहीत आहे.

पुढं कोरेगावचं स्थळ आलं. मास्तरांचं घर, त्यांनी भरतकामाचं नावही काढलं नाही. तोवर तुम्ही पुन्हा सुई हातात घेतलेली होती. मी तुमच्यापुढं येऊन बसले.

"बापू, माझ्या रुखवताला एक कापड द्या."

"देतो की. काय पायजे? हत्ती? रेल्वे?"

"काहीही. फक्त कोपऱ्यात तुमचं नाव टाका."

तुमचा हात थांबला. "नाव टाकणार न्हाई. बिननावाचं पायजे आसंल तर आत्ता भराय घेतो."

"बिननावाचं मला नको."

"मग ऱ्हाऊ दे."

"ऱ्हाऊ दे."

आणि राहिलं. सगळ्या पंचक्रोशीला कापडं देणाऱ्या माणसाच्या पुतणीच्या रुखवतात एक टाका नव्हता. शेवया, करंज्या, लाडवांचा डोंगर, आणि दादांनी हट्टानं मध्ये ठेवलेला माझा पदवीदान समारंभाचा फोटो. तुम्ही मांडवात उभं राहून म्हणालात, "वा! लाडवाच्या डोंगरावर बी.ए. बसलीया. ह्ये मी भराय पायजे हुतं." सासूबाईंनी फोटो जवळ नेऊन बघितला आणि विचारलं, "अगं, ही काळी घोंगडी पांघरून का बसलीयास?" मला हसू आलं आणि मी तुमच्याकडं वळून बघितलं, तर तुम्हीही हसत होता. त्या एका क्षणात आपलं मिटलं असतं. पण कुणी तरी अक्षता वाटायला आलं.

कोरेगावच्या घरात माझ्या भिंतीवर तुमचं काही नाही. याचं मला दुःख आहे. पश्चात्ताप नाही.

गेल्या दिवाळीत आले तेव्हा तुम्ही वाळला होता. खोकला होता, पण खाट तिथंच आणि मंगलचं कापड हातात. कंडक्टर कोंबड्याची पिशवी भरत होता. मी पुन्हा तेच काढलं. एका कोपऱ्यात, बारीक, कुणाला दिसणारही नाही असं नाव टाकायला काय जातं? मला वाटलं, आता 'गप गं' म्हणाल. तुम्ही सुई पट्ट्यात टोचलीत आणि पहिल्यांदाच हॉस्पिटलचं सांगितलंत.

"शेजारच्या खाटंवर गढवाली पोरगं हुतं. नवीन लगीन झाल्यालं. सिस्टरनं आमा सगळ्यांना रुमालावर पेन्सिलीनं ज्याचं त्याचं नाव काढून दिलं. म्हणाली, आधी आपलं नाव भरा, हात बसंल. ह्या पोरानं दोन अक्षरं भरली आन् गेला. रुमाल बायकूला धाडायचा हुता त्येला. मग ऱ्हायलेलं मी भरलं."

"मग?" मी म्हटलं.

"मग शेवटाची गाठ मारली, दोरा तोडला, आन् उलटं करून बघितलं. एक टोक लोंबत न्हवतं. तवा वाटलं, मी ह्याला बंद केला. जंवर नाव अर्धं हुतं तंवर त्यो कुठं तरी हाय असं वाटायचं. नाव पुरं झालं की संपलं गं. कोंबड्यांचं तसं न्हाई. कोंबड्या कुठंबी जातील."

त्या पोराचं नाव तुम्ही मला सांगितलंत. त्याच्या गावात थंडीला चुलीशी बकरी घेऊन झोपतात, ते सांगितलंत. त्याला वरण आवडायचं नाही आणि तुमच्या वाटीत तो त्याचं ओतायचा, तेही. मला काहीतरी बोलायचं होतं. शब्द तोंडापर्यंत आले होते. तेवढ्यात पोरं ओरडत आली, "आक्का, एस.टी. आली, एस.टी. आली." मी पिशवी उचलली. तुम्ही म्हणालात, "जा, न्हाईतर जागा मिळायची न्हाई." मी गेले. मला जागा मिळाली, खिडकीची.

तुमचे दिवस झाल्यावर मंगल आली. दारात उभी राहून नखानं चौकट खरवडत होती.

"शालनआक्का, ते कापड..."

"काय कापडाचं?"

"द्याल न्हवं?"

"देते. पण कुणी विचारलं तर बापूंचं नाव सांगायचं."

ती रडकुंडीला आली. "आक्का, आईनं सासूला सांगितलंय, पोरगी हातानं भरती म्हणून. आता न्हाई म्हटलं तर जलमभर ऐकून घ्यावं लागंल मला. तुमी गेला निघून कोरेगावला, तुमाला काय?"

तिचं खरं होतं बापू. नांदायचं तिला होतं. मग म्हटलं, "भरती म्हणून सांगितलंय ना? मग भर. राहिलेलं तू भर."

"मला कुठं येतंय?"

"मलाही येत नाही. बस."

मी कोरेगावला जाणं लांबवलं, आणि तुमच्या खाटेशेजारी आम्ही दोघी बसलो. मी सुई ओवून द्यायची, ती भरायची. रोज दुपारी. पहिली कोंबडी बघून तिची आई म्हणाली, "हे मुंगूस हाय का गं?" मंगल रडली, उसवलं, पुन्हा भरलं, पुन्हा मुंगूसच झालं. मग ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे. वऱ्हाडात एक मुंगूस असतंयच." तिथून तिला सापडलं. रस्ता झाला, वाकडातिकडा. रस्त्याकडेला ज्वारीचं रान, आणि रानातलं बुजगावणं एस.टी.ला हात करतंय, ती थांबत नाही म्हणून चिडलंय. हे तिनं मनानंच काढलं. टाके मोठे, गाठी वर आलेल्या, पण काहीतरी घडत होतं.

कापड संपत आलं तेव्हा तिनं विचारलं, "आक्का, पाय ऱ्हायला की. बापूंनी ह्यात पाय घातला न्हाई अजून. कुठं घालू?"

आम्ही सगळं कापड शोधलं, बसखाली, टपावर, कोंबड्यांच्या मागं. नव्हता.

"नको घालूस," मी म्हटलं. "त्याची रजा मंजूर झाली असेल."

मंगलला कळलं नाही, पण तिनं घातला नाही. बाहेर वारा पडला होता. मला वाटलं, माळावरून कुणीतरी दोन्ही पायांनी चाललंय. बुटांचा आवाज येत नव्हता, नुसती धूळ उठत होती, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून.

लग्न झालं. मी गेले. रुखवतात ते कापड मधोमध मांडलं होतं आणि भोवती बायकांची झुंबड. नवऱ्याची आत्या चौकस निघाली. तिनं कापड या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं आणि म्हणाली, "काय गं नवरी, ह्या अंगाला एवढं सुबक आन् त्या अंगाला असं खडबडीत? एका कापडावर दोन हात दिसत्यात मला."

मंगलच्या आईनं माझ्याकडं बघितलं. तिला माझी जीभ माहीत होती, सगळ्या गावाला माहीत होती.

मंगल मुंडावळ्यांच्या आडून म्हणाली, "माझंच हायत की, आत्या. एक उजवा, एक डावा."

काय हशा पिकला म्हणून सांगू! आत्यासुद्धा हसली, "सून बोलकी हाय बरं का," म्हणाली आणि बुजगावण्यावर बोट ठेवून विचारायला लागली, हे कोण, का चिडलंय, आणि बस पुढं कुठं जाते. मंगल सांगायला लागली.

मी काही बोलले नाही. पटलं म्हणून नव्हे. निम्मं खरं होतं म्हणून.

आता, त्या दिवाळीत एस.टी. आली तेव्हा तोंडात राहिलेलं बोलते. बापू, तुम्ही म्हणालात, नाव पुरं केलं आणि ते पोरगं संपलं. मग इतक्या वर्षांनी, खाटेवर बसून, तुम्हाला त्याचं वरण कसं आठवलं? चुलीजवळची बकरी कशी आठवली? त्या वॉर्डात किती जण गेले असतील, त्यातल्या दुसऱ्या एकाचंही तुम्ही मला काही सांगितलं नाहीत. ज्याचं नाव तुमच्या हातांनी भरलं, तोच तेवढा तुमच्याबरोबर आपल्या गावापर्यंत आला. तो रुमाल डोंगरात कुणाच्या तरी उशाखाली असेल, आणि ती बाई दोन अक्षरं एका हाताची आणि पुढची दुसऱ्या हाताची आहेत हे ओळखून असेल. राहिलेलं कुणी पुरं केलं असेल, याचा ती विचार करत असेल. बंद कसं होईल ते?

यावर तुमचं उत्तर काय असतं, मला माहीत नाही. तुम्ही हरला असता असं वाटतं. पण तुम्ही कधी सरळ हरला नाहीत. काहीतरी बोलून हसवलं असतंत आणि निसटला असता.

तुमच्या मनाविरुद्ध कापडावर मी तुमचं नाव टाकणार नाही. कुणाला टाकूही देणार नाही. ज्या पोरींच्या घरात ती कापडं आहेत त्यांनी ती आपली म्हणून मिरवावीत, लेकीसुनांना दाखवावीत. माझी हरकत संपली. पण हा कागद आहे, बापू, आणि कागदावर लिहायला मला आपल्या घराण्यात सगळ्यांत आधी शिकवलं गेलं. रागवायचं तर रागवा. विहिरीबरोबर स्वप्नात या आणि दारात उभं राहून भांडा, मी उठून दार उघडीन.

आमच्या भागातल्या रुखवतांत जे काही चालतंय, पळतंय, उडतंय, रुसतंय आणि फुकटचा चहा पितंय, ते सगळं लान्स नायक केरू बाळा साळुंखे यांनी भरलं.